पंपाचं रूप नोंदवायचंय, तर आधी चित्रं नीट काढा

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव एमआयडीसीत एका तरुणाचं प्लास्टिक मोल्डिंगचं लहान युनिट आहे. आजवर जॉबवर्क करून दुसऱ्यांचे पार्ट काढून दिले. आता स्वतःचा माल म्हणून बॅटरीवर चालणारा, हातात धरून टायरमध्ये हवा भरायचा पंप काढायचा आहे. मोटर, सिलेंडर, सर्किट तयार आणतो. बॉडी मात्र त्यानं स्वतः आखलीय: मधोमध एक उभा कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा, केळीच्या पानाच्या शिरांवरून सुचलेल्या. हे डिझाइन नोंदवता येईल का, खर्च किती, डीलरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला तर चालेल का, आणि उद्या कुणी हुबेहूब काढला तर काय करायचं, असं त्यानं विचारलंय.

फोटोचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. टाकू नका. डिझाइन कायदा २००० च्या कलम ४ प्रमाणे, अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन भारतात किंवा जगात कुठंही छापून, वापरून किंवा अन्य कोणत्याही मार्गानं लोकांपुढं आलं असेल तर नोंदणी मिळत नाही. यात तुम्ही स्वतः दाखवलेलंही आलं. आपलंच डिझाइन आपणच दाखवलं तर बिघडलं कुठं, असं वाटणं साहजिक आहे, पण बिघडतं. डीलरांचा ग्रुप म्हणजे भुसावळ, धुळे, नंदुरबार, मालेगाव, बऱ्हाणपूर. तासाभरात फोटो दहा ठिकाणी फॉरवर्ड होतो आणि प्रत्येक ठिकाणी त्यावर तारीख बसते. तीन-चार वर्षांनी तुमची नोंदणी रद्द करायला निघालेला माणूस तोच स्क्रीनशॉट जोडून अर्ज करतो. यूट्यूबवर अमेरिकेतले वकील एक वर्षाची सवलत सांगतात, ती त्यांच्या कायद्यातली आहे. आपल्याकडं तशी सरसकट सवलत नाही. प्रदर्शनासाठी कलम २१ आहे, पण ते केंद्र सरकारनं अधिसूचनेनं लागू केलेल्या प्रदर्शनांपुरतं, तेही आधी नोटीस दिली आणि मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला तर. तालुक्याच्या कृषी किंवा औद्योगिक मेळाव्यात स्टॉल लावायचा असेल तर आधी अर्ज करून टाकणंच स्वस्त पडतं.

डायमेकरला, म्हणजे साचा बनवणाऱ्याला तर ड्रॉइंग द्यावंच लागतं, त्याचं काय? विश्वासानं एखाद्याला दाखवलं आणि त्यानं विश्वासघात करून ते फोडलं, तर त्यानं नवेपणा जात नाही, असं कलम १६ सांगतं. फक्त विश्वासानं दाखवलं होतं हे दाखवायला कागद लागतो. आपल्याकडं डायमेकर बहुधा ओळखीतला, कधी नात्यातला निघतो, आणि "भाऊ, आता तुमच्याशी काय लिहून घ्यायचं" म्हणत तो कागद राहून जातो. अर्ध्या पानाचं गोपनीयतेचं पत्र, तारीख, दोघांच्या सह्या, एवढं पुरे. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्येही 'गोपनीय' छापून घ्या.

आता मूळ प्रश्न. होय, बॉडी तुम्ही सांगता तशी असेल तर नोंदणीजोगी आहे. नोंदणी दिसण्याची होते: आकार, ठेवण, नक्षी, रेषा किंवा रंगांची मांडणी, जी तयार वस्तूत डोळ्याला भावते आणि जिची पारख फक्त डोळ्यानं होते. रचनेचं तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक करामत व्याख्येतूनच बाहेर ठेवली आहे. तुमचा पंप किती मिनिटांत ३२ पीएसआय भरतो, ठरलेल्या दाबाला आपोआप थांबतो का, आवाज किती करतो, याला इथं काही किंमत नाही. यंत्रात खरंच नवं काही असेल तर त्याला पेटंट असतं, २० वर्षांचं. पण तुम्ही आतला भाग विकत आणताय, तेव्हा तो विषय मिटला. नाव आणि लोगो ट्रेडमार्कमध्ये जातात. तो अर्ज वेगळा आणि तोही कराच.

बरेच जण इथं अडतात. पंप म्हणजे कामाची वस्तू, त्यात शोभेचं काय असणार? पंप टेबलावर उभा करून एकेक भाग बघा. गरम हवा बाहेर जायला झरोके लागतात. पिस्टन हवा दाबतो तेव्हा सिलेंडर चांगलंच तापतं, मोटरही तापते, आणि आपल्याकडं मे महिन्यात पंप चालू करायच्या आधीच बॉडी गरम असते. म्हणजे झरोका असणं ही यंत्राची गरज आहे. पण तो गोल भोकांचा असावा, आडव्या पट्ट्यांचा असावा की कण्यापासून तिरप्या निघून कडेला निमुळत्या होणाऱ्या चिरांचा, हे मोटर ठरवत नाही, तुम्ही ठरवता. नळी लागतेच, ती मागच्या खाचेत गुंडाळायची, पोटात सरकवायची की वरून कमानीसारखी वळवून तिचीच मूठ करायची, हे पुन्हा तुमच्या हातात. डिस्प्ले वरच्या बाजूला तिरका बसवतात, कारण माणूस चाकापाशी उकिडवा बसून वरून बघतो. तिरकेपणाला कारण आहे, पण त्याच्याभोवतीची चौकट, कडेची गोलाई, बटणांची ओळ यांत निवड आहे. मी प्रत्येक भागाला एकच प्रश्न लावतो: वेगळं रूप देऊन हेच काम झालं असतं का? झालं असतं, तर ते रूप दाव्यात धरता येतं. एकाच आकारानं काम होत असेल, जसं व्हॉल्व्हवर बसणाऱ्या नोझलचे आटे, तर त्यावर हक्क सांगायला जाऊ नका.

केळीचं पान काही तुम्ही शोधलेलं नाही, मग नक्षी 'नवी' कशी? कायद्यात याची सोय आहे. 'मूळ' या शब्दाच्या व्याख्येतच, मुळात जुन्या पण वापरात नव्या असलेल्या गोष्टी धरल्या आहेत. भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढं असाच पेच होता. काचेवर नक्षी उठवणारे रोलर जर्मनीहून आणलेले होते, पण ती नक्षी काचेच्या तावावर वापरून नोंदणी घेतली होती. न्यायालयानं ती नोंदणी टिकवली. तेव्हा पानाच्या शिरा पंपाच्या बॉडीवर आणणं यात वावगं काही नाही. मात्र कुणी आधीच पंपावर तसंच काही केलं असेल तर तुमचं पान वाळलं म्हणून समजा.

म्हणून शोध घ्या, आणि तो गुगलवर एकदा टाकून संपवू नका. बाजारातले असे हातात धरायचे पंप साधारण चार घाटांत बसतात: पाण्याच्या बाटलीसारखा गोल उभा, खिशात मावणारा चपटा चौकोनी, ड्रिलसारखा पिस्तुली मुठीचा, आणि सामानाच्या पेटीसारखा आडवा. तुमचा कोणत्या घाटात मोडतो ते ठरवा आणि त्या घाटातले शक्य तेवढे पंप सगळ्या बाजूंनी बघा. ऑनलाइन दुकानांत बघा, जळगावच्या गोलाणी मार्केटात प्रत्यक्ष हातात घेऊन बघा, पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदलेली डिझाइनं बघा. तिथं लोकार्नो वर्गीकरणानं, म्हणजे डिझाइनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीनं शोधता येतं. पंप आणि कॉम्प्रेसर वर्ग १५-०२ मध्ये येतात, तुमचा अर्जही बहुधा त्यातच जाईल. नुसता वेगळेपणा पुरत नाही, माहीत असलेल्या डिझाइनांपासून किंवा त्यांच्या जोडणीपासून ते ठळकपणे वेगळं ओळखू यावं लागतं. एकाची मूठ आणि दुसऱ्याची जाळी एकत्र केली तर भागत नाही. आणि एक स्पष्टच बोलतो, तुम्हाला नव्हे, हे वाचणाऱ्या बाकीच्यांना: चीनहून तयार बॉडी आणून त्यावर आपला लोगो चिकटवणाऱ्यांनी हा अर्ज करू नये. प्रमाणपत्र मिळूनही जाईल, पण कलम १९ खाली कुणी रद्द करायला उभा राहिला की जुना कॅटलॉग काढायला त्याला वेळ लागत नाही.

आता चित्रं. माझ्या मते निम्मी लढाई इथंच जिंकली किंवा हरली जाते, आणि लोक नेमकं हेच काम घाईत उरकतात. जमिनीच्या मोजणीच्या नकाशात बांध जिथं दाखवलाय तिथंच तुमची हद्द, तसंच इथं आहे. प्रमाणपत्राला जोडलेल्या चित्रांत जे दिसतं तेवढाच तुमचा हक्क.

साधारण सात दृश्यं द्या: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरकस बाजूनं. सगळी एकाच मॉडेलमधून, एकाच प्रमाणात काढलेली हवीत. हे सोपं वाटतं, पण आक्षेप इथंच येतात. तिरकस दृश्यात उजव्या कुशीला चार्जिंगचं भोक दिसतं आणि उजवीकडच्या दृश्यात ते गायब असतं, कारण मधल्या काळात भोक तळाला नेलं आणि एकच दृश्य पुन्हा काढलं. समोरून चिरा सात, तिरकस दृश्यात आठ. डाव्या-उजव्या दृश्यांची अदलाबदल. परीक्षकाला यातलं एक सापडलं तरी तो विचारणार, मग खरं डिझाइन कोणतं? सातही प्रिंट टेबलावर मांडा, पेन्सिल घ्या, एकेक भोक, एकेक रेष सगळ्या दृश्यांत टिपून बघा. हे काम कॅडवाल्यावर सोडू नका. त्याला तुमचा पंप तुमच्याइतका पाठ नसतो.

रेंडरवर, म्हणजे कॉम्प्युटरनं काढलेल्या रंगीत चित्रावर, डिस्प्लेमध्ये '३२.०' चमकत असतो, बाजूला पीएसआयची अक्षरं, कण्यावर लोगो. हे सगळं काढा. अक्षरं, आकडे, ट्रेडमार्क यांवर डिझाइनमधून हक्क मिळत नाही, आणि राहिलेच तर त्यांवर दावा नाही असं लिहून द्यावं लागतं. डिस्प्ले बंद असल्यासारखा कोरा दाखवा. रंगही टाळा. रंगीत चित्र दिलं की समोरचा म्हणायला मोकळा की तुमचा हिरवा, माझा लाल. ज्यांचं सगळं वैशिष्ट्यच रंगांच्या मांडणीत आहे त्यांची गोष्ट वेगळी.

चित्रांखाली नवेपणाचं विधान येतं: नवेपणा पंपाच्या आकारात आणि ठेवणीत आहे, चित्रात दाखवल्याप्रमाणे. तुमच्याबाबतीत मी त्यात कणा आणि तिरप्या चिरांच्या भागाचा नाव घेऊन उल्लेख करेन, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथं जाते. फार बारीक वर्णन मात्र करू नये. 'प्रत्येक बाजूला सात चिरा' असं लिहिलंत तर नऊ चिरांवाला हसत निघून जाईल.

फक्त चिरांची जाळीच नोंदवता येईल का, असंही तुम्ही विचाराल. अमेरिकेत बाकीचा पंप तुटक रेषांनी काढून तेवढ्याच भागावर हक्क सांगता येतो. आपल्या कायद्यात वस्तूचा भाग तेव्हाच 'वस्तू' ठरतो जेव्हा तो वेगळा बनवून वेगळा विकता येतो. तुमची जाळी बॉडीतच मोल्ड होते, वेगळी विकली जात नाही. तेव्हा अख्खा पंप नोंदवा. उद्या जाळीचं कव्हर सुटं करून बदली भाग म्हणून विकणार असाल तर त्याचा अर्ज वेगळा, आणि तो पंप बाजारात येण्याआधीच करावा लागेल.

अर्ज नेमका कधी करायचा? उशीर केला तर तारीख जाते, फार घाई केली तर चित्र आणि माल वेगळे पडतात. डायमेकर बदल सुचवणारच. पार्ट सुटायला उभ्या भिंतींना एक-दोन अंश उतार हवा, टेक्श्चर घेतलं तर आणखी जास्त. दोन अर्धे जुळतात ती पार्टिंग लाईन कण्यावरून न्यायची की कुशीतून, यावर दिसणं बदलतं. शिवाय चिरा फार अरुंद ठेवल्या तर पंप तापून बंद पडतो आणि मग त्या रुंद कराव्या लागतात, म्हणजे ज्या भागावर सगळी मदार तोच बदलतो. माझा क्रम असा: आधी थ्रीडी प्रिंटवर मोटर बसवून भर दुपारी सलग चालवून तापमान बघा, गोपनीयतेचं पत्र घेऊन डायमेकरचे बदल घाला, आकार गोठवा, त्याच फाइलमधून सात दृश्यं काढून अर्ज करा, आणि पोच हातात आली की डायसाठी स्टील कापायला सांगा. त्यानंतर फोटो कुठंही टाका. जोड दिसणारी खाच असेल तर तीही चित्रात दाखवा.

सरकारी शुल्क जड नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर अर्जाला १,००० रुपये, इतरांना ४,०००. उद्यम प्रमाणपत्र जोडा. एजंटची फी आणि चित्रांचा खर्च वेगळा. पैसे वाचवायचेच असतील तर एजंटवर वाचवा, चित्रांवर नको. अर्ज ऑनलाइन होतो, काम कोलकात्याच्या कार्यालयातून चालतं. आक्षेप आले तर अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत सगळं निस्तरावं लागतं, मागितल्यास तीन महिने वाढवून मिळतात. हे महिने परीक्षकाचा आक्षेपांचा अहवाल हातात पडल्यापासून मोजू नका. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरतात. मुदत १० वर्षं, ती संपण्याआधी अर्ज केला तर आणखी ५.

अर्ज कुणाच्या नावानं, हेही बघा. पैसे देऊन डिझायनरकडून काम करून घेतलं असेल तर कायदा मालक तुम्हाला मानतो. पण पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं हौसेनं फुकट स्केच काढून दिलं असेल, तर त्याच्याकडून हक्क लेखी लिहून घ्या. घरातली माणसं आहेत, काय होतंय, असं म्हणत राहिलेली प्रकरणंच पुढं किचकट होतात.

'ड्रॉइंग माझं आहे, त्यावर कॉपीराइट आपोआप आहेच' असा एक समज आपल्या एमआयडीसीत फिरतो. नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याप्रमाणे मशिनवर ५० पेक्षा जास्त नग निघाले की त्यातला कॉपीराइट संपतो, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं. ५० नग तुमचं मशिन सकाळच्या चहाआधी काढेल.

नोंदणी नंबर मालावर टाकणंही सक्तीचं समजा. 'रजिस्टर्ड' किंवा 'आरडी' आणि पुढं नंबर. ती खूण नसेल तर नक्कल करणाऱ्याकडून भरपाई मागताना, आपण खुणेसाठी सगळी खटपट केली होती किंवा त्याला नोंदणीची कल्पना होती, हे तुम्हाला दाखवावं लागतं. नंबर तर डाय झाल्यावर महिन्यांनी येणार. म्हणून डायमध्ये तळाच्या बाजूला बदलता येणारा छोटा इन्सर्ट, म्हणजे सुटा तुकडा, आधीच ठेवायला सांगा. तोवर तो कोरा राहील.

राहिला नकलेचा प्रश्न. कायद्यात 'उघड नक्कल' हे शब्द आहेत आणि त्यात आयात करून विकणंही येतं. तिथं फूटपट्टी लावून मिलिमीटर मोजत नाहीत, एकूण छाप बघतात. धुळ्याच्या दुकानात गिऱ्हाईक तुमचा पंप एकदा बघून गेलंय, आठवड्यानं आलं, समोर दुसऱ्याचा पंप आहे आणि ते विचारतं, "हाऊ तोच शे ना?" नोंदवलेलं रूप त्याच्या डोळ्यात ज्या कारणानं राहिलं तेच कारण दुसऱ्या पंपात असेल, तर तुमची बाजू चांगली. दोन्ही पंप बाटलीसारखे उभे आहेत म्हणून तो फसला असेल तर उपयोग नाही, बाटलीचा घाट सगळ्यांचाच आहे.

असं दिसलं की आधी भांडू नका. बिलासकट एक-दोन नग विकत घ्या, खोकं न फोडता एक बाजूला ठेवा, ऑनलाइन जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. मग त्याचा नग तुमच्या प्रमाणपत्रातल्या चित्रांशेजारी ठेवून बघा, तुमच्या आजच्या मालाशेजारी नव्हे. मधल्या काळात तुम्हीच जाळी बदललेली असू शकते. ऑनलाइन दुकानांच्या तक्रार विभागात प्रमाणपत्राचा नंबर दिला की दाद लागण्याची शक्यता बरीच वाढते. कोर्टात जायचं तर जिल्हा न्यायाधीशांच्या खालचं कोर्ट चालत नाही. कायद्यात ठरवलेली रक्कम मामुली आहे, प्रत्येक उल्लंघनाला २५,००० पर्यंत आणि एका डिझाइनपुरती एकूण ५०,०००. म्हणून सहसा तो रस्ता सोडून मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा करतात. समोरच्यानं 'नोंदणीच चुकीची आहे' असा बचाव घेतला की दावा उच्च न्यायालयात जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये इंदूरच्या एका प्लास्टिक डब्यांच्या वादात हेच सांगितलं. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तारखा, वकील, गाडीभाडं, सगळं धरून हिशोब करा.

लहान युनिटच्या भांडणात मला नोटिशीनंतरची तडजोड जास्त परवडणारी वाटते. समोरच्यालाही डायचा खर्च बुडवायचा नसतो. कण्याचा आणि चिरांचा इन्सर्ट बदलून त्याला दुसरी जाळी करता येते, बाकीची डाय तशीच राहते. तयार माल विकायला त्याला किती दिवस, किती नगांपर्यंत आणि त्यानंतर जुना इन्सर्ट कुणाच्या ताब्यात, एवढं स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या.